हाताखालची माणसे आणि वरिष्ठांचे वर्तन : मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरच्या निमित्ताने

प्रस्तावना

कामाच्या ठिकाणी वरिष्ठांकडून होणारा जाच हा विषय आपल्याकडे बहुधा स्वभावाच्या खात्यावर जमा केला जातो. ‘साहेब तापट आहेत’, ‘बाई जरा खवचटच’, ‘तो माणूस मुळातच तसा’ अशी वाक्ये कोणत्याही कार्यालयात, कारखान्यात किंवा महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात कानी पडतात. स्वभावाचा भाग त्यात असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्वभाव हेच संपूर्ण उत्तर मानले, तर काही प्रश्न तसेच राहतात. कालपर्यंत बरोबरीने चहा पिणारा, सहकाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणारा मनुष्य पर्यवेक्षक होताच सहा महिन्यांत निराळा का वागू लागतो? त्याच खुर्चीवर एकामागून एक बसलेली तीन माणसे, स्वभावाने अगदी भिन्न असूनही, हाताखालच्या लोकांशी जवळजवळ सारखीच का वागतात? आणि जाच करणारा वरिष्ठ घरी, शेजारीपाजारी, आपल्या वरिष्ठांपुढे सौम्य कसा असतो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे केला आहे. ते उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांतील जॉबरचे होय. निवडीमागे दोन कारणे आहेत. जॉबरविषयी सरकारी चौकश्या, आयोगांचे अहवाल व इतिहासकारांचे संशोधन यांतून भरपूर सामग्री उपलब्ध आहे. कोणत्याही खाजगी कार्यालयातील वरिष्ठाविषयी इतके कागद सापडत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. जॉबर हा मालक नव्हता, परका गोरा साहेबही नव्हता. तो कामगारांतूनच वर आलेला, त्यांचीच भाषा बोलणारा, पुष्कळदा त्यांच्याच गावचा मनुष्य होता. म्हणून त्याच्या वर्तनाचे स्पष्टीकरण ‘मालकवर्गाचे शोषण’ एवढ्या एका शब्दप्रयोगात आटोपता येत नाही.

गैरवर्तन म्हणजे काय?

शिस्त आणि जाच यांतील सीमारेषा आखणे सोपे नाही. काम वेळेवर मागणे, चूक दाखविणे, प्रसंगी लेखी समज देणे हा पर्यवेक्षणाचा भागच आहे. अमेरिकन अभ्यासक बेनेट टेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जी व्याख्या दिली, ती पुढे या क्षेत्रात प्रमाण मानली गेली. तिचा आशय असा की, हाताखालच्या व्यक्तीच्या दृष्टीने वरिष्ठ जेव्हा शारीरिक इजा न करता, परंतु सातत्याने, बोलण्यातून व वागण्यातून वैरभाव प्रकट करतो, तेव्हा त्यास जाचक पर्यवेक्षण म्हणावे. चारचौघांत पाणउतारा करणे, न बोलणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय स्वतःकडे घेणे, जुन्या चुका पुन्हा पुन्हा उगाळणे, स्वतःच्या चुकीचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडणे असे प्रकार यात मोडतात.

या व्याख्येतील ‘सातत्याने’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. एखाद्या दिवशी आवाज चढला, एवढ्यावरून कोणी जाचक ठरत नाही. ‘शारीरिक इजा न करता’ ही अट मात्र आपल्याकडील अनुभवाला अपुरी पडते. गिरणीत, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात शिवी आणि हात यांच्यात फारसे अंतर नसते. तसेच पैशाच्या रूपाने होणारी पिळवणूक ही व्याख्या विचारात घेत नाही. जॉबरच्या बाबतीत तर शिवीपेक्षा पैसा आधी येतो.

गिरणीतील जॉबर

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार काम करीत होते. त्यांतील मोठा भाग रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला होता. एवढ्या मनुष्यबळाची भरती, हजेरी, कामवाटप, सुट्टी व बडतर्फी ही सर्व व्यवस्था गिरणीच्या कचेरीकडे नव्हती. ती जॉबरकडे होती. खात्याखात्यांतून हेड जॉबर व त्याच्या हाताखाली इतर जॉबर असत. स्त्रिया काम करीत त्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हेच काम नाईकीण करी. विणकाम व सूतकताई खात्यांचे मास्टर बहुधा युरोपीय किंवा पारशी असत व कामगारांशी त्यांचा थेट संबंध क्वचितच येई. त्यांना कामगार दिसे तो जॉबरच्या डोळ्यांनी आणि कामगाराला व्यवस्थापन दिसे ते जॉबरच्या रूपाने.

रोज सकाळी भोंगा झाल्यावर गिरणीच्या दाराशी बदली कामगारांची गर्दी उभी राही. ज्याचा खाडा झाला असेल त्याच्या जागी कोणाला घ्यावयाचे, हे जॉबर बोट दाखवून ठरवी. त्या एका बोटावर घरची चूल अवलंबून असल्याने दस्तुरीची पद्धत रुजली. नोकरी लागताना रक्कम द्यावयाची, पुढे पगाराच्या दिवशी काही द्यावयाचे, गावाहून परत आल्यावर जागा पुन्हा मिळविण्यासाठी द्यावयाचे. जॉबर स्वतः व्याजाने पैसे देई किंवा सावकाराला जामीन राही. काही जॉबरांचा खानावळीशी, दुकानाशी, चाळीतील खोल्यांशी संबंध असे. नाईकिणींच्या हाताखालील स्त्रियांनाही अशाच मागण्यांना तोंड द्यावे लागे.

१९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि कामगारांना घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, त्यासाठी गिरण्यांनी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. आयोगाच्या मांडणीत जॉबर हा एक अनिष्ट पण सर्वशक्तिमान मध्यस्थ म्हणून उभा राहतो. लोकप्रिय समजुतीतही तो तसाच आहे.

सत्ता आहे, पण शाश्वती नाही

हे चित्र पुढील संशोधनाने बरेच बदलले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या औद्योगिक भांडवलशाहीवरील ग्रंथात असे दाखविले की, जॉबर दिसतो तितका बलवान नव्हता. त्याला वरच्या अधिकाऱ्याला वेळेवर माणसे पुरवावी लागत, खात्याचे उत्पादन राखावे लागे, संपाच्या वेळी माणसे कामावर आणून दाखवावी लागत. यांपैकी एकही गोष्ट साधली नाही, तर त्याची जागा घ्यायला दुसरा टपलेला असे. दुसऱ्या बाजूने, ज्या वाडीवस्तीतून तो माणसे आणी, तेथील लोकांची मर्जी त्याला सांभाळावी लागे. उधारी, खोली, आजारपण, गावाकडचा निरोप या सर्व बाबतींत तो उपयोगी पडला नाही, तर माणसे दुसऱ्या जॉबरकडे जात. सारांश, तो दोन्हीकडून बांधलेला होता.

मग एवढा बांधलेला मनुष्य इतका जाचक कसा वागतो? प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे. तो बांधलेला होता म्हणूनच जाचक होता. ज्याची जागा पक्की आहे, त्याला रोज आपला अधिकार सिद्ध करून दाखवावा लागत नाही. ज्याची जागा दोन्ही बाजूंनी डळमळीत आहे, त्याला वर पाहताना ‘माझ्याशिवाय खाते चालणार नाही’ हे दाखवावे लागते आणि खाली पाहताना ‘माझ्याशिवाय तुला काम मिळणार नाही’ हे. दुसरी गोष्ट पटविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अधूनमधून एखाद्याला विनाकारण परत पाठविणे. कारण देऊन परत पाठविले, तर ते कारण टाळून कामगार निर्धास्त होऊ शकतो. विनाकारण पाठविले, तर कोणीच निर्धास्त राहत नाही. लहरीपणा हा येथे स्वभावदोष नसून सत्तेचे साधन आहे.

मानसशास्त्रीय प्रयोगांतून याच दिशेचे पुरावे मिळतात. नॅथॅनिएल फास्ट व सेरेना चेन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चार अभ्यासांत असे आढळले की, केवळ सत्ता किंवा केवळ अकार्यक्षमतेची जाणीव मनुष्याला आक्रमक करीत नाही. सत्ता हाती असून आपण त्या जागेला पुरे पडत नाही, असे ज्याला वाटते, तो आक्रमक होतो. अशा व्यक्तीचा आत्मसन्मान सावरला गेला, की ही आक्रमकता उतरते, असेही त्यांना दिसले. (वरिष्ठांची खुशामत करणारे लोक हे तत्त्व कोणताही शोधनिबंध न वाचता जाणून असतात. परंतु खुशामतीने वरिष्ठ शांत होत असला, तरी तो कार्यक्षम होत नाही, एवढे नोंदवून ठेवले पाहिजे.) फास्ट यांनीच निर हालेवी व अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्यासह २०१२ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींपैकी काहींना दुसऱ्याने कोणते काम करावे हे ठरविण्याची सत्ता दिली. काहींना प्रतिष्ठेची भूमिका दिली, तर काहींना कमी प्रतिष्ठेची. कामांच्या यादीत साधी कामे होती, तशीच कुत्र्यासारखे भुंकून दाखविण्यासारखी अपमानास्पद कामेही होती. ज्यांच्याकडे सत्ता होती पण प्रतिष्ठा नव्हती, त्यांनी दुसऱ्याला अपमानास्पद कामे अधिक प्रमाणात दिली. दारावरचा पहारेकरी, कचेरीतील हेडक्लार्क, वसतिगृहाचा रेक्टर यांच्याविषयी सर्वसामान्य माणसाची जी तक्रार असते, तिचे मूळ येथे सापडते. ज्याला काही देण्याचा मान नाही, त्याच्या हाती फक्त अडविण्याचा अधिकार उरतो.

याच संदर्भात १९७१ च्या स्टॅनफर्ड येथील तुरुंग-प्रयोगाचा उल्लेख आपल्या अनेक पाठ्यपुस्तकांत निःशंकपणे केला जातो. सत्ता मिळताच साधी मुले क्रूर पहारेकरी बनली, असा त्याचा सार सांगितला जातो. परंतु त्या प्रयोगाची मूळ कागदपत्रे व ध्वनिफिती तपासणाऱ्या संशोधकांनी २०१८-१९ मध्ये दाखवून दिले की, पहारेकऱ्यांना कसे वागावे याचे मार्गदर्शन प्रयोगकर्त्यांकडूनच झाले होते. तेव्हा ‘सत्ता हाती आली की कोणीही क्रूर होतो’ या विधानास तो प्रयोग आधार म्हणून देणे आता योग्य नाही. वर्गात तो शिकवावयाचाच असेल, तर वरच्याच्या सांगण्यावरून खालचा कसा वागतो याचे उदाहरण म्हणून शिकवावा.

वेतनाची रचना आणि वरून येणारा ताण

विणकाम खात्यात जॉबरची कमाई त्याच्या हाताखालील विणकरांच्या उत्पादनाशी जोडलेली असे. दुसऱ्याच्या हातांच्या वेगावर आपला पगार ठरत असेल, तर दुसऱ्याची विश्रांती ही आपली हानी वाटू लागते. हा नैतिकतेचा प्रश्न होण्यापूर्वी हिशेबाचा प्रश्न असतो. धागा तुटणे, साचा बंद पडणे, सूत निकृष्ट येणे यांस विणकर जबाबदार नसतो. परंतु जॉबरला सुताची प्रत बदलता येत नाही, साच्याची दुरुस्ती मर्यादेपलीकडे करता येत नाही. त्याच्या आवाक्यात असते ते एकच, विणकराच्या अंगावर ओरडणे. ज्या कारणावर आपला ताबा नाही ते सोडून, ज्या माणसावर ताबा आहे त्याला धरणे, ही पर्यवेक्षकीय जाचाची अत्यंत नेहमीची रीत आहे.

१९२५ नंतर जपानी कापडाच्या स्पर्धेमुळे मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. काही गिरणीसमूहांनी ‘कार्यक्षमता’ योजना आणल्या. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, कताई खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, असे ठरविण्यात आले. १९२८ चा एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप याच काळातील. योजना कचेरीत ठरली. ती खात्यात राबविणे जॉबरच्या माथी आले. ज्याने निर्णय घेतला नाही, त्यानेच त्याची अंमलबजावणी करावयाची आणि त्याबद्दलचा रोषही पत्करावयाचा, अशी ही स्थिती होती. गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्यांनी १९२८-२९ मध्ये जॉबरच्या अधिकाराला थेट आव्हान दिले, ते या पार्श्वभूमीवर.

वरून आलेला ताण खाली कसा वाहतो, यावर अलीकडील संशोधन बरेच आहे. जेनी हूबलर व डॅनियल ब्रास यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार, ज्या वरिष्ठांना आपल्याशी संस्थेने दिलेला शब्द पाळला नाही असे वाटत होते, ते हाताखालच्यांशी अधिक जाचक वागत. विशेषतः जे दुसऱ्याच्या कृतीत नेहमी वाईट हेतूच पाहतात, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. हा अभ्यास तेथेच थांबत नाही. जाच सोसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरच्या माणसांनाही त्याची झळ पोहोचल्याचे त्यात आढळले. वड्याचे तेल वांग्यावर ही आपली म्हण याहून वेगळे काय सांगते? मेरी मॉरिट्झ व सहकाऱ्यांनी २०१२ साली तीन पातळ्यांचा एकत्र अभ्यास केला. वरचा व्यवस्थापक जाचक असेल, तर मधला पर्यवेक्षक जाचक होण्याची शक्यता वाढते आणि त्याच्या हाताखालील गटात परस्परांशी वाईट वागण्याचे प्रमाणही वाढते. येथे केवळ रागाचे विस्थापन नाही, शिकणेही आहे. नवा पर्यवेक्षक अधिकार कसा गाजवावा हे पुस्तकातून शिकत नाही. आपल्यावर तो कसा गाजविला गेला, त्यावरून शिकतो. जॉबर हा स्वतः कधीकाळी दाराशी उभा राहिलेला बदली कामगार होता, हे येथे विसरता येत नाही. दस्तुरी देऊन जो आत आला, त्याला ती घेणे हा अन्याय वाटत नाही, वसुली वाटते.

सत्तेमुळे खालच्याविषयीचे मत कसे बदलते?

याविषयी डेव्हिड किपनिस यांचा १९७२ चा प्रयोग आजही वाचनीय आहे. व्यवस्थापकाची भूमिका दिलेल्या व्यक्तींना काही कामगारांवर देखरेख करावयाची होती. कामगार प्रत्यक्षात नव्हतेच. त्यांचे म्हणून दाखविलेले उत्पादन सर्वांसाठी सारखेच ठेवले होते. काही व्यवस्थापकांना वेतनवाढ, कपात, बदली, बडतर्फी असे अधिकार दिले. इतरांना केवळ समजावून सांगण्याची मुभा दिली. ज्यांना अधिकार होते, त्यांनी ते वापरले, हे अपेक्षितच होते. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, त्यांनी कामगारांच्या कामाचे मूल्यमापन कमी केले, चांगल्या उत्पादनाचे श्रेय कामगाराच्या प्रयत्नाला न देता स्वतःच्या नियंत्रणाला दिले आणि नंतर त्या कामगारांना भेटण्याचीही त्यांना फारशी इच्छा उरली नाही. काम तेच, परंतु हुकूम देऊन करून घेतले की करणाऱ्याची किंमत कमी वाटू लागते. ‘यांच्या मागे लागल्याशिवाय ही माणसे कामच करीत नाहीत’ या सार्वत्रिक वाक्याचा उगम कामगारांच्या आळसात नसून मागे लागण्याच्या पद्धतीतच असू शकतो, असा याचा अर्थ होतो.

या अवमूल्यनास समाजातील पूर्वीची उतरंड मिळाली, म्हणजे ते दुपटीने बळावते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे आणि त्यामुळे इतर विणकरांना विटाळ होईल, असे कारण पुढे केले जाई. विणकाम खात्यात कमाई अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विटाळाचा आर्थिक अर्थ उघड होतो. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे पर्यवेक्षकाच्या हातून होणारा सर्वच अन्याय त्याचा एकट्याचा नसतो. पुष्कळदा खाते त्याच्या पाठीशी असते.

जाच कोणाच्या वाट्याला अधिक येतो, याविषयी टेपर व सहकाऱ्यांनी २००६ व २०११ मध्ये जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांचा कल असा आहे की, वरिष्ठाला आपल्याहून निराळी वाटणारी, त्याच्या मते कामात कमी पडणारी व दुर्बळ दिसणारी व्यक्ती अधिक लक्ष्य होते. या निष्कर्षाचा अर्थ ‘ज्याला जाच होतो, त्याच्यातच काही उणे असते’ असा लावू नये. दाराशी उभ्या असलेल्यांतून जॉबर ज्याला हाकलतो, तो कमी कुशल असतोच असे नाही. त्याच्या पाठीशी गाववाले कमी असतात.

जॉबर गेला, मुकादम राहिला

गिरण्यांतील जॉबर आज इतिहासजमा झाला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील गिरणी उद्योगच क्रमाने मावळला. परंतु ती रचना अन्यत्र जिवंत आहे. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी गाळप हंगामासाठी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांना उचल देतो तो मुकादम. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामभर तोडीच्या मजुरीतून उचल फिटत जाते. एका दिवसाचा खाडा झाला, तर दंड. गिरणीतील ‘खाडा’ हा शब्द येथे दंडाच्या अर्थाने येतो, हे भाषेच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगे आहे. मासिक पाळीतील खाडा व दंड टळावा, हे बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमागील एक कारण असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मुकादमाने स्वतः कारखान्याच्या यंत्रणेकडून पैसे उचललेले असतात. मजूर पळून गेले, तर ते त्याच्या अंगावर येतात. म्हणजे पुन्हा तीच दोन्हीकडून बांधलेली जागा.

सुशिक्षितांच्या कचेऱ्यांत हे घडत नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रेमिला डिक्रूझ व अर्नेस्टो नरोन्हा यांनी भारतातील कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांच्या अनुभवांचा अभ्यास करून ‘व्यक्तिनिरपेक्ष जाच’ अशी कल्पना मांडली. तेथे वरिष्ठाचे कर्मचाऱ्याशी वैर नसते. उद्दिष्टे, मिनिटांचे हिशेब व देखरेख यांची रचनाच अशी असते की, पर्यवेक्षकाला कठोर वागणे हेच आपले काम वाटते. फ्रान्समध्ये फ्रान्स टेलिकॉम या कंपनीने २००६ ते २००८ या काळात बावीस हजार कर्मचारी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले; त्या वर्षांत अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कंपनीस व तिच्या माजी प्रमुखांस संस्थात्मक स्वरूपाच्या मानसिक छळाबद्दल दोषी ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. कोणा एका तापट साहेबाचा शोध न घेता धोरणालाच जाच मानणारा हा निर्णय आपल्या विषयाच्या दृष्टीने मूलगामी आहे.

आणि आपल्या महाविद्यालयांचे काय? तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक दर शैक्षणिक वर्षी नव्याने मुलाखतीस उभा राहतो. विभागप्रमुखाची नाराजी त्याला परवडत नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या एका स्वाक्षरीसाठी महिनोन्‌महिने खेटे घालतो. कोणी मार्गदर्शकाची घरगुती कामेही करतो. विभागप्रमुख व मार्गदर्शक हे वाईट असतात, असे येथे सुचवावयाचे नाही. बहुसंख्य नसतात. परंतु त्यांच्यावरही मूल्यांकनाचे, कागदपत्रांचे, संस्थाचालकांचे ओझे असते आणि त्यांच्या हाताखाली अशी माणसे असतात की, जी नकार देऊ शकत नाहीत. गिरणीच्या दाराशी हेच दोन घटक एकत्र आलेले होते.

उपायांचा अनुभव

जॉबरच्या जाचावर उपाय झाले नाहीत, असे नाही. त्यांचा अनुभव बोधप्रद आहे. १९३४ च्या मुंबई कायद्यान्वये सरकारी कामगार अधिकारी नेमण्यात आला. गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी नेमला. १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना सुरू झाली. ज्यांच्याकडे कार्ड, त्यांनाच रोज सकाळी प्राधान्य. अर्थात जॉबरच्या बोटाला वाव कमी झाला. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडाच्या रकमेवर मर्यादा घातली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी बंधनकारक केला. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांसाठी बदली कामगारांच्या नोंदणीची स्वतंत्र योजना आली. जॉबरची सत्ता एका दिवसात संपली नाही. दस्तुरी पुढेही चालू राहिल्याच्या तक्रारी होत्या. तरीही ती घटली, आणि ती घटली ते जॉबरला सद्वर्तनाचे धडे देऊन नव्हे. भरती, हजेरी व दंड यांचा निर्णय त्याच्या हातून काढून एका नोंदवहीत नेल्यामुळे ती घटली.

आजच्या व्यवस्थापनशास्त्रात वरिष्ठांसाठी संवादकौशल्याची, तणावमुक्तीची शिबिरे घेण्याची प्रथा आहे. त्यांचा काही उपयोग होत असेल. परंतु ज्याच्या कमाईचा, भीतीचा व अधिकाराचा आराखडा तोच राहतो, तो शिबिराहून परतल्यावर दुसऱ्या सोमवारी पूर्ववत वागू लागला, तर आश्चर्य नाही.

कायद्याची स्थितीही येथे पाहिली पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर व विशेषतः २०१३ च्या अधिनियमानंतर अंतर्गत समिती बंधनकारक झाली. तिच्या रचनेत अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री कर्मचारी व एक बाहेरची सदस्य व्यक्ती असावी, असे ठरविलेले आहे. बाहेरची व्यक्ती का, याचे उत्तर वरील सर्व विवेचनात आहे. लैंगिक स्वरूपाचा नसलेला जाच मात्र या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. पाणउतारा, अडवणूक, श्रेय हिरावणे, रजा नाकारणे यांविषयी ज्याला तक्रार करावयाची आहे, त्याने ती ‘योग्य मार्गाने’ करावी, असा बहुतेक कार्यालयांचा प्रघात आहे. योग्य मार्गाने म्हणजे निकटच्या वरिष्ठामार्फत. अर्जावरची पहिली स्वाक्षरी त्याचीच लागते, ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे.